चार टेक, एक गाणे

ऊद मेथातले एक घर डोळ्यांसमोर आणू या. खाली दुकाने आणि वर बिऱ्हाडे अशी इमारत, जवळच इंडियन हायस्कूल, चालत जाता येईल इतक्या अंतरावर मेट्रोच्या हिरव्या मार्गाचे स्थानक. आजी ठाण्याहून साठ दिवसांच्या व्हिसावर आल्या आहेत. मलिद्याच्या वेळी त्यांच्या आई म्हणत असत ते एक मराठी गाणे त्यांना पाठ आहे. ते कुठे छापलेले नाही. नात अकरावीत आहे. तिच्याकडे लॅपटॉप आहे, बऱ्यापैकी माईक आहे आणि आजींच्या परतीच्या तिकिटाला नऊ दिवस उरले आहेत. हे घर धड्यासाठी उभे केलेले आहे, पण आपल्यापैकी पुष्कळांना ते ओळखीचे वाटेल.

नात गाणे चार वेळा रेकॉर्ड करते. पहिल्या वेळी सुरुवात सुरेख होते, पण दुसऱ्या कडव्यात खोकला येतो. दुसऱ्या वेळी सूर अगदी खरा लागतो आणि नेमकी रशीद हॉस्पिटलकडे जाणारी रुग्णवाहिका खालून ओरडत जाते. तिसऱ्या वेळी तिसरे कडवे आठवत नाही. चौथ्या वेळी सगळे गाणे पूर्ण होते, पण आवाज दमलेला असतो.

"आजी, परत एकदा म्हण ना."

"अगं, चार वेळा म्हटलं की! आता चहा दे आधी."

आता या चार टेकमधले चांगले चांगले भाग निवडून त्यांचा एक ट्रॅक करायचा, याला स्टुडिओतले लोक कॉम्पिंग म्हणतात. घरात टेक जोडणे म्हटले तरी पुरे. हे काम कसे करावे आणि ते करताना आजींच्या गाण्याचे काय होते, हे या धड्यात पाहायचे आहे.

घरातले एखादे वडीलधारे माणूस इथे विचारते, की ही लबाडी नाही का? प्रश्न रास्त आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' हा हिंदुस्थानातला पहिला बोलपट लागला. त्याची कथा जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकावरून घेतलेली होती. जोसेफ डेव्हिड पेणकर आपल्याच समाजातले, हे ज्येष्ठांना ठाऊक असेलच. त्या काळी चित्र आणि आवाज एकाच वेळी टिपत. नट कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गात असे आणि वाजवणारे जवळच, पण चित्रात दिसणार नाहीत असे बसत. एक शब्द चुकला की सगळे पुन्हा. ग्रामोफोनच्या तबकडीचेही तेच होते. मेणावर रेघ एकदा कोरली गेली की ती पुसता येत नसे. पुढे चुंबकीय टेप आली आणि टेप ब्लेडने कापून चिकटपट्टीने जोडता येऊ लागली. कापणारे टेपला सरळ छेद देत नसत, तिरका देत, म्हणजे एक आवाज उतरत असतानाच दुसरा चढू लागे आणि सांधा कानाला टोचत नसे. आज संगणकावर 'क्रॉसफेड' म्हणून जे करतात ते या तिरक्या छेदाचेच काम आहे.

तेव्हा टेक जोडणे ही काही आजच्या मुलांची युक्ती नाही. सिनेगॉगमध्ये तोरा वाचणाराही अर्थ बदलेल असा शब्द चुकला तर थांबवला जातो, मागे येतो आणि तो शब्द नीट वाचून पुढे जातो. ऐकणाऱ्यांना चूकही ऐकू येते आणि दुरुस्तीही. टेक जोडण्यात चूक कुणाला ऐकूच येत नाही. मोठ्यांना खटकते ते हे, आणि तो मुद्दा पुढे येणारच आहे. आधी हाताचे काम.

जोडलेला ट्रॅक चांगला होईल की नाही, हे बहुतेक रेकॉर्डिंग करतानाच ठरते. चारही टेक एकाच खोलीत, एकाच जागी बसून, शक्य तर एकाच दिवशी घ्यावेत. माणसाचा सकाळचा आवाज वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा. तोंड आणि माईक यांत एक वीत अंतर असावे. खुर्चीचे पाय आणि माईकचा स्टँड यांच्या जागी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात. आजी चहाला उठून परत आल्या की खुर्ची खुणेवर आली पाहिजे. चार बोटांचा फरक पडला तरी आवाजाचा पोत बदलतो आणि जोडताना तो उघडा पडतो. माईक तोंडासमोर नाकाच्या रेषेत न धरता किंचित बाजूला ठेवावा. मराठीत भ, फ, ध, घ अशी महाप्राण अक्षरे पुष्कळ आहेत आणि त्यांचा श्वास माईकवर धाडकन आदळतो.

ऊद मेथात खरी पंचाईत एसीची असते. जुलैत बाहेर चाळीस अंशांच्या वर ऊन असताना खिडक्या लावून एसी बंद केला की दहा मिनिटांत खोली तापते. म्हणून काही जण दोन टेक एसी बंद ठेवून आणि दोन चालू ठेवून घेतात. असे कधीही करू नये. नुसते ऐकताना एसीची घरघर जाणवत नाही, पण घरघर असलेला तुकडा नसलेल्या तुकड्याला जोडला की सांध्यावर आवाज दार उघडल्यासारखा बदलतो. एसी बंद तर सगळ्या टेकना बंद. पाच मिनिटे रेकॉर्डिंग, मग एसी लावून दहा मिनिटे विश्रांती आणि पाणी. इमारतीचा मध्यवर्ती एसी बंदच करता येत नसेल तर सगळे टेक त्याच्या सारख्याच आवाजात घ्यावेत. शेवटी कुणीही न बोलता तीस सेकंद रिकाम्या खोलीचाही आवाज रेकॉर्ड करावा. दोन कडव्यांमध्ये मोकळी जागा भरायची असली की तो कामी येतो. तिथे अगदी निःशब्द पोकळी ठेवली तर गाणे मध्येच मेल्यासारखे वाटते.

अजान सुरू झाली की थांबावे आणि ती संपल्यावर थोड्या वेळाने पुढे जावे. विमानतळ जवळ असल्याने विमानांचेही तेच. २०२२ पासून अमिरातीत साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारी आली, त्यामुळे शब्बाथ पाळून रविवारची सकाळ या कामाला मिळते. सकाळी रस्ताही जरा शांत असतो. खोली निवडताना कपड्यांच्या कपाटाची खोली बरी, कारण पडदे, गाद्या आणि कपडे आवाज शोषून घेतात. दिवाणखाना दिसायला चांगला, पण फरशी आणि काच यांमुळे तिथे आवाज घुमतो.

माईक नसला तर फोनही चालतो. मात्र व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवून गाणे जपले, असे कुणी समजू नये. तिथे आवाज दाबून लहान केला जातो आणि त्यातले बारकावे जातात. फोनवर वेगळे रेकॉर्डिंग ॲप घ्यावे आणि फाइल 'वेव्ह' प्रकारात ठेवावी.

सूर आणि लय यांचा विचार रेकॉर्डिंगच्या आधीच करावा. १९६६ साली बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' या गाण्यासाठी जॉन लेनन यांना सातव्या टेकची सुरुवात आणि सव्विसाव्या टेकचा पुढचा भाग हवा होता. दोन्हींचा सूर वेगळा होता आणि गतीही वेगळी. जॉर्ज मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्याने टेपची गती कमी-जास्त करून ते दोन तुकडे जुळवले. गाणे जगभर गाजले. लंडनच्या मोठ्या स्टुडिओत जमले ते घरात जमेलच असे नाही. त्यापेक्षा तानपुऱ्याच्या ॲपवर आजींना सोयीची पट्टी लावावी, एका कानात हेडफोन द्यावा आणि चारही टेकना तोच तानपुरा ठेवावा. दुसरा कान मोकळा असावा. दोन्ही कान बंद केले की वयस्कर माणसे बावरतात आणि मोठ्याने गाऊ लागतात. लयीसाठी टिकटिक लावू नये. आजींचे गाणे ओवीसारखे श्वासावर चालते, ते घड्याळात बसवले तर त्याची चाल जाते. नातीने पहिल्या टेकची सुरुवात त्यांना पुन्हा ऐकवली आणि मग पुढचा टेक घेतला, तर लय आपोआप जवळपास तीच राहते.

आता जोडणीचे. ऑडॅसिटीमध्ये चार टेक चार ट्रॅकवर एकाखाली एक मांडता येतात. रीपरसारख्या कार्यक्रमात ते एकाच ट्रॅकच्या पोटात रचून ठेवता येतात. साधन कोणतेही असो, पडद्यापुढे बसण्याआधी कागद घ्यावा. डाव्या बाजूला गाण्याच्या ओळी लिहाव्यात, वर टेकचे आकडे, आणि डोळे मिटून ऐकत प्रत्येक चौकटीत एकच खूण करावी: चांगला, चालेल किंवा नको. पडद्यावरच्या लाटा बघत ऐकले की कान आळशी होतो.

पुष्कळ मुले इथे एक चूक करतात. प्रत्येक ओळीचा, कधी कधी प्रत्येक शब्दाचा उत्तम तुकडा शोधतात आणि गोधडी शिवतात. गोधडी उबदार असते हे खरे, पण गाण्याची गोधडी झाली की ऐकणाऱ्याला कुठेतरी खुपत राहते. गाणारा माणूस ओळीकडून ओळीकडे थोडा थोडा तापत जातो, शेवटी थोडा थकतो, आणि तो चढउतारही गाण्याचाच भाग असतो. म्हणून एक मूळ टेक धरावा, जो सगळ्यात जिवंत असेल तो. तोच सगळ्यात निर्दोष असेल असे नाही. जिथे खरेच अडते तिथेच दुसऱ्या टेकचा तुकडा घालावा. आपल्या उदाहरणात मूळ टेक पहिला धरावा. खोकल्याचे कडवे चौथ्यातून घेता येईल. दुसऱ्यातला खरा सूर मोह पाडतो, पण रुग्णवाहिकेच्या आवाजाखालून तो सोडवता येत नाही. तो सोडून द्यावा.

कापायचे कुठे, हे मराठी उच्चार जाणणाऱ्याला इतरांपेक्षा लवकर कळते. क, ट, त, प यांसारखे अक्षर उच्चारताना हवा क्षणभर तोंडात अडते आणि मग सुटते. त्या अडलेल्या क्षणात जवळजवळ शांतता असते. तिथे कापले तर सांधा ऐकू येत नाही. स आणि श यांच्या सळसळीतही सांधा लपतो. लांबवलेल्या आकारात, मींडेत किंवा अनुनासिक स्वरात मात्र कधी कापू नये, तिथे स्वर मोडतोच. सांध्यावर दहा ते वीस मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्यावा, म्हणजे सेकंदाचा शंभरावा ते पन्नासावा भाग. ओळीच्या आधी घेतलेला श्वास त्या ओळीबरोबरच उचलावा. श्वास कापून टाकून गाणे 'स्वच्छ' करणारी मुले आहेत. आजी पाण्याखालून गात असल्यासारख्या वाटतात, आणि मुलांना कळत नाही असे का झाले.

एका ओळीवर हे करून पाहू. नवगावची कथा आपल्याला घरोघरी सांगितली जाते: गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, किनाऱ्याला लागलेल्या मृतांना तिथेच पुरले. त्या कथेवर या धड्यापुरती एक ओळ जुळवली आहे. ती कोणत्याही जुन्या गाण्यातली नाही.

गलबत फुटले नवगावाला, सात जोडपी तरली.

समजा, पहिल्या टेकमध्ये आजींनी अशी ओळ म्हटली आणि 'तरली' म्हणताना आवाज चिरकला. चौथ्या टेकमध्येही हाच शब्द आहे, तर काम सोपे आहे. 'जोडपी' संपते, त जिभेवर अडतो, तिथे कापावे आणि चौथ्यातला शब्द आणावा. पण चौथ्या टेकमध्ये आजींनी म्हटले आहे, 'सात जोडपी उरली'. आता 'पी'चा ईकार थेट 'उ'मध्ये शिरतो, दोन्ही स्वर एकमेकांत मिसळतात, मध्ये शांततेचा कणही नाही. तिथे कापता येत नाही. मागे जावे लागते, 'सात'मधला त अडतो तिथपर्यंत, आणि 'जोडपी उरली' असा पूर्ण तुकडा चौथ्यातून आणावा लागतो. त्यातला ज जहाजातल्या दुसऱ्या ज-सारखा, दातांजवळचा आहे. शाळेत हिंदीला सरावलेली मुले तो जेवणातल्या ज-सारखा म्हणतात. मुलांच्या आवाजात गाणे रेकॉर्ड करायचे असेल तर हा ज आधी शिकवावा. चार टेक चुकीचे असतील तर जोडून पाचवा बरोबर होत नाही.

पण खरा पेच उच्चाराचा नाही. 'तरली' म्हणजे पाण्यातून वाचली. 'उरली' म्हणजे बाकीची गेली आणि ही मागे राहिली. मात्रा सारख्याच, चाल सारखीच, अर्थ वेगळा. पहिल्या शब्दात सुटका आहे, दुसऱ्यात शोक. आजींनी दोन वेळा दोन शब्द म्हटले, तर त्यांचा शब्द कोणता? नातीला आवाज स्वच्छ म्हणून 'उरली' आवडला आणि तिने तो जोडला, तर पुढच्या पिढीला गाणे 'उरली' असेच मिळेल. आणि तो निर्णय अकरावीतल्या मुलीने एका चिरकलेल्या स्वरामुळे घेतला होता, हे कुणालाही कळणार नाही.

हा पेच मराठीला नवा नाही. नकलकारांच्या हातून ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठ बिघडत गेले होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी त्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तिच्यात कुणी पदरच्या ओव्या घालू नयेत असेही बजावले. केवढे मोठे काम! पण कोणत्या प्रतीत कोणता शब्द होता, हे त्या शुद्ध प्रतीवरून दिसत नाही. १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एका जुन्या प्रतीवरून वेगळी संहिता छापली तेव्हा वाचकांना पाठांतले फरक दिसू लागले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तिची रीत आपल्या कामाला अधिक जवळची आहे. पानावर वर निवडलेला पाठ असतो आणि खाली बारीक अक्षरात इतर हस्तलिखितांतले पाठ. निवड केलेली आहे, पण जे निवडले नाही तेही पुसलेले नाही.

आपल्या पवित्र ग्रंथांत तर ही रीत फार जुनी आहे. काही ठिकाणी एक शब्द लिहिलेला असतो आणि वाचताना दुसरा म्हणतात. लिहिलेल्याला कतीव आणि वाचलेल्याला करी म्हणतात. वाचणारा ठरलेला शब्दच वाचतो, पण गुंडाळीतले अक्षर कुणी खरवडून काढत नाही. नातीने तेच करावे. जोडलेला ट्रॅक तिचा करी, आणि चार टेक कतीव.

आपल्या समाजात याचे महत्त्व अधिक आहे. १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्या लोकांनी मराठी कीर्तने करायला सुरुवात केली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्या काळातले ठळक नाव. तोरातल्या कथा साक्या, दिंड्या आणि पदे यांतून सांगितल्या गेल्या आणि त्यांची पुस्तकेही निघाली. पण मराठी पदांच्या पुस्तकांत शब्द छापलेले असतात आणि चालीच्या जागी फार तर एखाद्या ओळखीच्या गाण्याचे नाव. ते ओळखीचे गाणे विस्मरणात गेले की चाल मुकी होते. घरगुती गाण्यांचे तर शब्दही छापलेले नाहीत. म्हणून आजींचा दमलेला चौथा टेक आणि खोकल्याचा पहिला टेक हे टाकाऊ सामान नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा. जोडणी झाल्यावर कार्यक्रम विचारतो, सगळे एकत्र करून जागा मोकळी करायची का? घाईत 'हो' म्हटले की मूळ टेक गेले. असे एकापेक्षा जास्त घरांत घडले आहे आणि गाणारे माणूस नंतर नव्हते. मूळ फायलींची नक्कल आधी वेगळ्या जागी ठेवावी, एक घरात आणि एक ठाण्याच्या मामांकडे, आणि मग कापायला बसावे. फाइलच्या नावात तारीख, गाव, गाणाऱ्याचे नाव आणि टेकचा आकडा असावा. जोडलेल्या ट्रॅकच्या नावात 'जोडलेला' हा शब्द असलाच पाहिजे. ओळींचा तो कागदही फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवावा, आणि 'तरली' की 'उरली' हे त्यावर लिहून ठेवावे.

आणि कापण्याआधी आजींना विचारावे. त्यांना दोन्ही तुकडे ऐकवावेत. त्या कदाचित म्हणतील, "आई तरली म्हणायची, मी माझ्याच मनानं उरली म्हणते." किंवा म्हणतील, "दोन्ही म्हणतात गं, मलिद्याला तरली आणि कुणी गेल्यावर उरली." हे दुसरे उत्तर मिळाले तर जोडणी थांबवावी, कारण ती दोन गाणी आहेत.

स्वाध्याय

घरातल्या वडीलधाऱ्या व्यक्तीकडून एक ओळ, गाण्याची किंवा म्हणीची, तीन वेळा म्हणवून घ्या. तिन्ही वेळा शब्द तेच आले का, ते लिहून ठेवा.

वर दिलेल्या ओळीत 'फुटले' हा एकच शब्द बदलायचा असेल तर कुठे कापाल? 'नवगावाला' बदलायचा असेल तर काय अडचण येईल?

ज आणि च यांचे दोन्ही उच्चार येणारे प्रत्येकी पाच शब्द आजी-आजोबांना विचारून लिहा आणि त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करा. ज्येष्ठांनी मुलांचे उच्चार तपासावेत. मुलांनी ज्येष्ठांना हेडफोन एका कानाला कसा लावायचा ते दाखवावे.